एव्ही रिसीव्हर वारंवार बंद पडतो? दोष शोधायचा कसा, पायरीपायरीने

"आवाज वाढवला का सेट बंद होऊन राहिला." नागपुरात उन्हाळा लागला की ही तक्रार वाढते आणि त्याला सबळ कारण आहे, ते पुढे येईलच. आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपोआप बंद होणारा एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि होम थिएटरचे स्पीकर ज्याला जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आपला 'सेट') बहुतेक वेळा स्वतःला वाचवत असतो. त्याच्या आत एक संरक्षक सर्किट असतं, मेकॅनिक त्याला नुसतं 'प्रोटेक्शन' म्हणतात. स्पीकरकडे जाणारा करंट, स्पीकरच्या आउटपुटवर चुकून आलेला डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट), आतल्या हीटसिंकचं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीचं) तापमान आणि आतल्या पॉवर सप्लायचे व्होल्टेज यांवर ते नजर ठेवतं. यातलं काहीही मर्यादेबाहेर गेलं की आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) 'टक्' करून स्पीकर तोडतो आणि सेट स्टँडबायवर जातो.

म्हणून बंद पडलेला सेट लगेच पुन्हा पुन्हा चालू करू नका. तार कुठेतरी शॉर्ट असेल, तर प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर तो सगळा करंट आउटपुट ट्रान्झिस्टरमधून (स्पीकरला ताकद देणाऱ्या भागातून) जातो. दोन-तीनदा तो तग धरतो, मग एक दिवस जळतो. जे काम ब्लेडने तार सोलून फुकटात झालं असतं, ते मग मेकॅनिकच्या टेबलावर जातं.

लागणारं सामान थोडं आहे: डिजिटल मल्टिमीटर (बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात साधा चालेल), वायर स्ट्रिपर किंवा धारदार ब्लेड, मऊ ब्रश, टॉर्च, कागद आणि पेन.

आधी फक्त बघा आणि लिहा

सेट किती वेळाने बंद पडतो, यातच अर्धं उत्तर असतं. बटण दाबल्यावर दोन ते पाच सेकंदांत बंद पडत असेल, तर स्पीकरची तार शॉर्ट आहे किंवा सेटच्या आत दोष आहे. हळू आवाजात तासन् तास चालतो पण सिनेमातल्या मोठ्या धमाक्याला किंवा ढोलाच्या ठेक्याला पडतो, तर स्पीकरचा ओहम (करंटला होणारा विरोध) कमी पडतोय किंवा घरातला सप्लाय अशक्त आहे. वीस मिनिटं ते तासाभराने पडतो, वरचं झाकण हाताला चटका देतं आणि अर्धा तास थांबलं की पुन्हा चालतो, तर उष्णता. कूलर, फ्रिज किंवा पाण्याचा पंप सुरू होतानाच पडतो, तर वीजपुरवठा.

डिस्प्ले आणि दिव्याकडेही लक्ष ठेवा. डेनॉन आणि मरांट्झच्या अनेक मॉडेलांत पॉवरचा लाल दिवा साधारण दर अर्ध्या सेकंदाला लुकलुकला, तर स्पीकरची तार किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा भाग तपासा असा त्याचा अर्थ. तोच दिवा दर दोन सेकंदांनी लुकलुकला तर सेट तापला आहे. यामाहाचे सेट डिस्प्लेवर 'चेक एसपी वायर्स' दाखवतात, सोनीचे 'प्रोटेक्ट'. फोनवर या दिव्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, पुढे मेकॅनिकला दाखवायला तो फार उपयोगी पडतो.

सेटिंगमधली फसवी कारणं

यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, पण सोडूनही देऊ नका. मेनूमध्ये ऑटो स्टँडबाय, ऑटो पॉवर डाउन किंवा इको अशा नावाचं सेटिंग असतं. सिग्नल नसला की 15, 30 किंवा 60 मिनिटांनी सेट झोपतो. गाणं थांबवून जेवायला गेलात आणि परत आलात तर सेट बंद, हे त्याचं लक्षण. स्लीप टायमरही बघून घ्या. तिसरं म्हणजे एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय: टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स बंद झाला की तो रिसीव्हरलाही बंद व्हायला सांगतो. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे सीईसी तात्पुरतं बंद करून एक संध्याकाळ चालवून बघा. अशा वेळी सेट मुकाट्याने बंद होतो, दिवा लुकलुकत नाही. ओळखायची खूण तीच.

सगळं काढा, मग एकेक जोडा

पूर्ण तपासणीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नवखी मंडळी हीच टाळतात, कारण मागच्या तारांचं जंगल पाहून हात घालावासा वाटत नाही. आधी मागच्या बाजूचा टॉर्चच्या उजेडात स्वच्छ फोटो काढा. सेट बंद करा, प्लग भिंतीतून काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. आता स्पीकरच्या सगळ्या तारा, एचडीएमआय, यूएसबी, अँटेना, सबवूफरची (फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) केबल, सगळं काढून टाका. तारांना कागदी चिकटपट्टी लावून त्यावर 'पुढचा डावा', 'मधला' असं लिहून ठेवा.

मोकळा सेट थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून चालू करा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. ट्रान्झिस्टरचा रिसीव्हर स्पीकरशिवाय चालवायला काही हरकत नसते. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा जुन्या धाटणीचा) अ‍ॅम्प असेल तर मात्र हे मुळीच करू नका, त्याला स्पीकरचा भार लागतोच.

मोकळा सेट चालू राहिला तर आनंद माना, दोष बहुधा बाहेर आहे. तरीही बंद पडला तर वीजपुरवठ्याचा भाग वाचा आणि त्यातून काही निघालं नाही तर थेट मेकॅनिककडे जा.

चालू राहिला असेल, तर आता बंद करून फक्त पुढचा डावा स्पीकर जोडा. मध्यम आवाजात पंधरा मिनिटं. मग बंद करून पुढचा उजवा. मग मधला, मग मागचे. ज्या स्पीकरला सेट पडेल, त्याची तार आणि स्पीकर दुसऱ्या चॅनलच्या (दुसऱ्या स्पीकरसाठीच्या) टर्मिनलवर लावून पाहा. दोष त्या स्पीकरबरोबर सरकला, तर तार किंवा स्पीकर खराब. जुन्या टर्मिनलवर चांगला स्पीकर लावूनही सेट पडला, तर रिसीव्हरचं ते चॅनल आतून गेलं आहे.

तार: केसाएवढी एक लड पुरते

स्पीकरच्या तारेत बारीक तांब्याच्या अनेक लडी असतात. सोलताना त्यातली एखादीच बाजूला राहते, टर्मिनलच्या बाहेर डोकावते आणि शेजारच्या काळ्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकते. डोळ्यांना सहज दिसत नाही; टॉर्च तिरका धरला की चमकते. प्रोटेक्शनची खूप प्रकरणं एवढ्यावरच मिटतात.

तार नव्याने जोडायची रीत अशी. जुनं काळवंडलेलं टोक कापून टाका. साधारण 10 मिलिमीटर एवढंच सोला, जास्त नको. लडी एकाच दिशेने घट्ट पिळा, भोकात पूर्ण घाला, स्क्रू आवळा आणि हलकेच ओढून बघा. टर्मिनलबाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. काही जण टोकाला शिसं लावून जाड करतात, ते स्क्रूच्या टर्मिनलला चांगलं नाही: दाबाखाली ते हळूहळू बसतं आणि सहा महिन्यांनी पकड सैल होते. त्यापेक्षा बनाना प्लग (टर्मिनलच्या भोकात थेट बसणारी पिन) लावा. हीच तपासणी स्पीकरच्या टोकालाही करा, ते टोक लोक हमखास विसरतात.

मग तारेचा मधला रस्ता बघा. सोफ्याच्या पायाखाली दबलेली, दाराच्या बिजागरीत चेमटलेली, भिंतीला खिळा मारताना छेदलेली, फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडलेली, ही नेहमीची ठिकाणं. तारेची दोन्ही टोकं मोकळी करून मल्टिमीटर कंटिन्यूटीवर ठेवा आणि लाल-काळ्या दोन्ही वाहकांना टेकवा. बीप वाजता कामा नये. वाजला तर ती तार मध्येच शॉर्ट आहे. जोड देत बसू नका, बदला.

नवी तार घेताना 10 मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची पुरते. 4 ओहमचा स्पीकर असेल किंवा अंतर जास्त असेल तर 2.5 घ्या. दुकानात एक लड ब्लेडने खरवडून बघा. आतून रुपेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. ती दोन-चारदा वाकली की तुटते आणि तुटके तुकडेच पुढे शॉर्ट करतात. स्वस्त असली तरी नको.

ओहमचा हिशोब

रिसीव्हरच्या मागे स्पीकर टर्मिनलजवळ '6 ते 16 ओहम' असं काहीतरी छापलेलं असतं. स्पीकरच्या पाठीवरही त्याचा ओहम लिहिलेला असतो. स्पीकरचा ओहम कमी, तितका रिसीव्हरला जास्त करंट द्यावा लागतो.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली: हॉलमध्ये ए आणि गच्चीवर किंवा बेडरूममध्ये बी अशा दोन जोड्या लावून दोन्ही एकदम चालू करणं. बहुतेक रिसीव्हरमध्ये त्या समांतर जोडल्या जातात. 8 आणि 8 ओहमचे मिळून 4 होतात, 6 आणि 6 चे मिळून 3. हळू आवाजात काही होत नाही, आवाज वाढला की सेट पडतो. दुसरी: जुन्या डीव्हीडी होम थिएटरचे छोटे स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडणं. त्यातले बरेच 3 किंवा 4 ओहमचे असतात आणि सोबतचा बिनपॉवरचा सबवूफरही स्पीकर टर्मिनलवरच ओढला जातो. घरात पडून आहेत म्हणून वापरायचा मोह होतो, पण ते त्या जुन्या यंत्रासाठीच बनवलेले होते. सबवूफर स्वतःच्या पॉवरचा घ्या आणि तो सबवूफर आउटपुटला आरसीए केबलनेच जोडा.

स्पीकर मोजायचा असेल, तर तो रिसीव्हरपासून पूर्ण सोडवा आणि मल्टिमीटर 200 ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांना टेकवा, 0.2–0.3 ओहम दिसेल, तेवढे वजा करा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 5.5 ते 7 दाखवतो, 4 ओहमचा 3 ते 4. छापलेल्या आकड्यापेक्षा कमी दिसला म्हणून घाबरू नका, मीटर डीसीने मोजतं. एक ओहमच्या खाली गेला तर कॉइल किंवा आतला क्रॉसओव्हर (आवाज लहान-मोठ्या स्पीकरांत वाटणारं सर्किट) शॉर्ट आहे. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली आहे.

आणखी एक सोपा दिलासा: मेनूत स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झला ठेवा. खालचा बेस सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हरवरचा मोठा भार उतरतो. आवाज 3 डेसिबलने वाढवला की वॅट दुप्पट लागतात, हे लक्षात ठेवलं तर व्हॉल्यूमच्या शेवटच्या टप्प्यात सेट का पडतो तेही कळतं.

नागपूरचा उन्हाळा आणि टीव्ही युनिटचा कप्पा

अनेक रिसीव्हरच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान 5 ते 35 अंश सेल्सिअस दिलेलं असतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर पारा 45 च्या आसपास असतो आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली संध्याकाळी सातलाही 38-40 च्या खाली येत नाही. म्हणजे बटण दाबायच्या आधीच आपण मर्यादा ओलांडलेली असते. त्यात सेट लाकडी टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, डोक्यावर सेट-टॉप बॉक्स, त्यावर वायफाय राउटर आणि धूळ बसू नये म्हणून सगळ्यावर विणलेला रुमाल. आतली उष्णता वर जाऊन झाकणाच्या जाळीतूनच बाहेर पडते. ती जाळी झाकली की मध्यम आवाजातही अर्ध्या तासात प्रोटेक्शन येणार.

हे तपासायला सेट कप्प्यातून काढून उघड्या टेबलावर ठेवा, वर काहीही ठेवू नका आणि नेहमीच्याच आवाजात दोन तास चालवा. टेबलावर चालला आणि कप्प्यात पडला, तर निदान झालं.

उपाय असा: वर किमान 15 सेंटिमीटर आणि बाजूंना व मागे 10 सेंटिमीटर मोकळी जागा. जागा नसेल तर सुताराकडून कप्प्याची मागची फळी कापून घ्या. नुसतं पुढचं काचेचं दार उघडं ठेवून भागत नाही, गरम हवेला वर आणि मागे वाट लागते. तरी तापत असेल, तर 120 मिलिमीटरचा 12 व्होल्टचा पंखा जाळीच्या वर थोडा उंचावर, हवा वर ओढेल असा ठेवा. तो 7 व्होल्टच्या आसपास चालवला तर आवाज येत नाही आणि काम भागतं.

कूलरबद्दल स्पष्ट सांगायला हवं. खोली थंड करायला कूलर लावा, पण रिसीव्हर त्याच्या झोतात ठेवू नका. वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून येणाऱ्या हवेत ओलावा असतो, कधी बारीक तुषारही, आणि पाण्यातले क्षार त्याबरोबर सेटमध्ये जाऊन बोर्डावर पांढरट थर धरतात. वर धूळ बसते, ती ओलावा धरून ठेवते आणि पावसाळा लागला की बोर्डावर करंट भलतीकडून गळायला लागतो. जूननंतर सुरू होणाऱ्या अनेक बिघाडांचं मूळ असं मे महिन्यातच असतं.

सफाई वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीच्या आवराआवरीत. प्लग काढून जाळीवर मऊ ब्रश फिरवा आणि सुटलेली धूळ व्हॅक्यूमने बाहेर ओढा. ब्लोअरने आत फुंकर मारली की धूळ खोल जाऊन बसते. टॉर्चने जाळीतून आत बघा. गरम जागा म्हणून झुरळं सेटमध्ये वस्ती करतात आणि पाल बोर्डावरच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये अडकून शॉर्ट करते. असं काही दिसलं तर सेट चालू न करता मेकॅनिककडे न्या.

वीजपुरवठा

आधी एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करा. कूलर, टीव्ही आणि रिसीव्हर एकाच पट्टीवर असतील, तर कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि सेट पडतो. रिसीव्हरला भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट द्या. प्लग सॉकेटमध्ये हलत असेल, काढल्यावर पिना गरम लागत असतील किंवा प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल, तर सॉकेट आजच बदलून घ्या. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांमध्ये वायरिंगही जुनं असतं, तिथे इलेक्ट्रिशियनकडून जोड आणि अर्थिंग तपासून घेणं रिसीव्हरपेक्षा घराच्या दृष्टीने जास्त गरजेचं आहे.

व्होल्टेज बघायला सॉकेटमध्ये लावायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो. नवख्याने उघड्या प्रोबने 230 व्होल्ट मोजण्यापेक्षा तो बरा. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत तीन-चारदा आकडा लिहा. 220 ते 240 मध्ये असेल तर पुरवठ्यावर संशय घेऊ नका. मोटर सुरू होताना तो 200 च्या खाली बसत असेल, तर सॉकेट बदलून बघा, आणि तरी बसत असेल तर 1 केव्हीएचा चांगला स्टॅबिलायझर लावा.

लाईट जाते आणि इन्व्हर्टर सुरू होतो त्या क्षणी सेट बंद पडत असेल, तर तो दोष समजू नका. अदलाबदलीत पुरवठा काही मिलिसेकंद तुटतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तो निवडा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवू नका. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो आणि सेट पडतो. साइन वेव्हचा असेल तर ठीक.

अमेरिकेहून आणलेल्या सेटच्या मागे '120 व्होल्ट' लिहिलेलं असेल, तर त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. तो रिसीव्हरच्या छापील वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या. लहान घेतला तर बेसच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज बसतं आणि दोष मात्र रिसीव्हरवर येतो.

आता मेकॅनिकचं काम

मोकळा सेट, भिंतीतला चांगला सॉकेट, थंड खोली, आणि तरी काही सेकंदांत 'टक्' करून बंद? मग दोष आत आहे. झाकण स्वतः उघडू नका. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ चार्ज धरून ठेवतात आणि वॉरंटीही जाते. सेट चालू राहत असेल पण संशय असेल, तर एक मोजमाप बाहेरून करता येतं: स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, प्रत्येक चॅनलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट बघा. 50 पर्यंत ठीक, 100 च्या वर गेलं तर ते चॅनल दाखवा. सेट लगेच बंद पडत असेल तर इथे शून्यच दिसेल, कारण रिलेने टर्मिनल आधीच तोडलेलं असतं. त्या शून्यावर विसंबू नका.

आतले नेहमीचे दोष म्हणजे शॉर्ट झालेला आउटपुट ट्रान्झिस्टर, उष्णतेने तडकलेलं सोल्डरिंग, फुगलेला कपॅसिटर, खराब झालेला रिले आणि पंखा असेल तर धुळीने अडलेला पंखा. दुरुस्तीनंतर सेट पहिल्यांदा सिरीज बल्ब (सेटकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावून चालू करा असं मेकॅनिकला सांगा. आत अजून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि नवे ट्रान्झिस्टर वाचतात. जळालेले भाग परत मागून घ्या. आणि कुणी "प्रोटेक्शन बायपास करून देतो, मग बंद पडणार नाही" म्हटलं, तर सेट उचला आणि दुसरीकडे जा. बायपास केलेल्या सेटमध्ये पुढचा दोष आला की डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो, कॉइल जळते, कधी धूरही निघतो.

नेताना सेट दोन्ही हातांनी, आडवा-सपाट धरा. ट्रान्सफॉर्मरची बाजू जड असते, त्यामुळे एका अंगाला झुकतो. सोबत तो कागद द्या: किती सेकंदांनी किंवा मिनिटांनी पडतो, दिवा कसा लुकलुकतो, मोकळा सेट चालतो की नाही, कोणत्या चॅनलला पडतो, स्पीकर किती ओहमचे. परत आणल्यावर दुकानातल्या पाच मिनिटांच्या गाण्यावर भरवसा ठेवू नका. घरी सगळे स्पीकर जोडून, दुपारी चार वाजता, खोली सर्वांत तापलेली असताना दोन तास चालवा आणि दर अर्ध्या तासाने झाकणावर तळहात ठेवून बघा.